ज्ञान सगळ्यांचे, हिशोब कुणाचा?

नांदेड जिल्ह्यातल्या उमरी तालुक्यातला हळद लावणारा शेतकरी कंदकुजीवर उपाय विचारायला आता मोबाइल काढतो. भर पावसाळ्यात पाने कडेने पिवळी पडून वाळायला लागतात, खोड बुडाशी मऊ पडते, नुसते ओढले तरी हातात येते. गड्डा दाबला की घाण वासाचे पाणी निघते. तो फोटो काढतो, चॅटजीपीटीला नाहीतर जेमिनीला मराठीत विचारतो आणि लगेच उत्तर येते: साचलेले पाणी चर काढून बाहेर काढा, शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून द्या, पुढच्या वर्षी गादीवाफ्यावर लागवड करा, बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लावू नका. सल्ला बरेचदा योग्यच असतो.

असा सल्ला मराठीतून देण्याचे बळ या यंत्रांना आले ते इंटरनेटवर उघड्या पडलेल्या मजकुरातून. त्यात कृषी विद्यापीठांच्या शिफारशी आहेत, शेतीविषयक लेख आहेत, मराठी विकिपीडिया आहे. स्वतःच्या प्लॉटात उभे राहून व्हिडिओ करणारे आणि अनोळखी माणसाच्या प्रश्नाला दिवसभराच्या कामानंतर उत्तर लिहिणारे शेतकरीही त्यात आहेत. त्यांनी एक रुपया मागितला नाही. आपले पीक गेले, दुसऱ्याचे जाऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी लिहिले. या सगळ्या लिखाणावर जगातल्या मोजक्या कंपन्यांनी आपली यंत्रे शिकवली आणि त्या कंपन्यांची किंमत आज अब्जावधी डॉलरमध्ये होते. ज्यांच्या अनुभवावर यंत्र शहाणे झाले त्यांचे नाव उत्तरात क्वचितच येते आणि पैशात तर कुठेच नाही.

याला सरसकट चोरी म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. लिहिणाऱ्यांनी हे ज्ञान लोकांनी वापरावे म्हणूनच उघडे ठेवले होते. तक्रार वापराबद्दल नाही. घेणाऱ्याने कोणाकडून घेतले ते सांगितले नाही, किती घेतले त्याची नोंद ठेवली नाही आणि ज्या साठ्यातून घेतले त्यात परत काही टाकले नाही, ही तक्रार आहे. मराठी समाजापुढे हा पेच पहिल्यांदा आलेला नाही. ज्ञान कुलपात ठेवणे, दुसऱ्याने ते गोळा करून नेणे, कोणीतरी त्यावर मालकी सांगणे आणि नावानिशी जपणे, हे चारही प्रकार आपल्या इतिहासात घडले आहेत. त्यांचे परिणामही आपल्यासमोर आहेत.

कुलपाची गोष्ट नांदेड जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची आहे. जिल्ह्यातले माहूर हे महानुभाव पंथाचे मोठे श्रद्धास्थान. या पंथाने तेराव्या शतकात मराठीला लीळाचरित्रासारखा गद्यग्रंथ दिला. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने माणसे शोधून, त्यांना विचारून विचारून जमवल्या. पण पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. काळ धामधुमीचा होता, ग्रंथ जपायचे होते, आणि ते जपले गेलेही. मात्र त्याची किंमत मराठीने मोजली. इतके मोलाचे गद्य कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीने सकळ लिपी उलगडली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच नव्याने लिहावी लागली. ‘कंपन्या नेतात ना, मग आता काही लिहायलाच नको’ असे आज वैतागून म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. कुलपाने ग्रंथ वाचतो, पण ज्ञान वाढायचे थांबते.

दुसरा प्रकार गोळा करून नेण्याचा. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना राज्य चालवायला मराठी हवी होती. मुंबईत शास्त्रीमंडळी बसवून कोशाचे काम सुरू झाले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके आदी पंडितांनी केलेला मराठी-मराठी कोश १८२९ साली निघाला. १८३१ साली इंग्रज अधिकारी मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती, सुमारे साठ हजार शब्दांची. देशावरचे, कोकणातले, शेतकऱ्याच्या, सुताराच्या, कोळ्याच्या तोंडचे शब्द त्यात आले. शब्द लोकांचे, ते वेचण्याचे बरेचसे कष्ट शास्त्र्यांचे, आणि आज कोश ओळखला जातो तो मोल्सवर्थच्या नावाने. क्रमवंत, घगवे, फडके ही नावे अभ्यासकांपुरती उरली. ज्यांच्या तोंडून शब्द घेतले त्यांची नावे तर कोणी लिहून घेतल्याचे दिसत नाही.

तरीही या व्यवहाराचे दुसरे अंग विसरून चालणार नाही. मोल्सवर्थचा कोश छापला गेला, लोकांच्या हातात आला, पुढच्या कोशकारांनी त्यावर बांधकाम केले. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून सात विभागांत निघाला, त्यामागेही आधीच्या कोशांची पायाभरणी होती. मोल्सवर्थ आज इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतो. म्हणजे परदेशी सत्तेने आपल्या सोयीसाठी घेतलेले ज्ञानसुद्धा शेवटी ग्रंथरूपाने समाजाकडे परत आले. नाव बुडाले, पण ठेव परत मिळाली. आजच्या कंपन्यांकडून तेवढेही होत नाही. सर्वांत ताकदवान यंत्रे कोणत्या मजकुरावर शिकली हे त्यांचे मालक पूर्णपणे सांगत नाहीत. त्या मजकुरात मराठी किती होती, कुठली होती, हे मराठी विद्यापीठालाही तपासता येत नाही.

तिसऱ्या गोष्टीत पुन्हा हळद येते. उमरीहून जाणारी रेल्वे पुढे निजामाबादला पोचते, अलीकडे हिंगोली जिल्ह्यातले वसमत. हा सगळा हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बोट कापले, गुडघा फुटला की हळद दाबायची, हे या मुलखातल्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने याच वापरावर, म्हणजे जखम भरण्यासाठी हळद लावण्यावर, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले. पेटंटचा क्रमांक ५४०१५०४. पिढ्यान्‌पिढ्या घरोघर चालत आलेली गोष्ट कागदावर एका संस्थेची झाली.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी या पेटंटला आव्हान दिले. ‘आमच्या आज्या हेच करत आल्या’ एवढे सांगून पेटंट कार्यालय ऐकणार नव्हते. तिथे लेखी पुरावा लागतो. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. काही शंभर वर्षांहून जुने होते. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही त्यात होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

या लढाईचा धडा नीट समजून घेतला पाहिजे. आपण जिंकलो ते ज्ञान लपवले म्हणून नाही. कोणीतरी ते लिहून, छापून, उघड्यावर ठेवले होते म्हणून जिंकलो. जे आधीच सगळ्यांचे आहे ते कोणा एकाचे होऊ शकत नाही, हे सिद्ध करायला ती छापील पाने उपयोगी पडली. त्यातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले लाखो योग पेटंट कार्यालयांना कळतील अशा भाषांत आणि रचनेत त्यात उतरवले गेले. परदेशी पेटंट कार्यालयांना तो पाहायला दिला गेला तोही करार करून, ठरलेल्या कामापुरता. ज्ञान द्यायचे, पण अटीवर द्यायचे, ही रीत सरकारने तेव्हाच घालून दिली होती.

तीस वर्षांत चित्र उलटे झाले. १९९७ साली लिहून ठेवलेले ज्ञान ही आपली ढाल होती. आज लिहून ठेवलेले ज्ञान हाच यंत्राचा कच्चा माल आहे. त्या वेळी पेटंट मागणाऱ्याला आपण काहीतरी नवे शोधले असा दावा करावा लागे, म्हणून तो खोडता येई. आता दावाच केला जात नाही. कोट्यवधी पाने वाचून त्यांचा अर्क काढला जातो, आणि अर्कात कोणाचा थेंब किती हे दाखवायची सोयच उरत नाही. पेटंट रद्द करायला निदान एक क्रमांक होता. इथे बोट ठेवायला क्रमांकही नाही.

चौथा प्रकार नावानिशी जपण्याचा. वेगळा मार्ग असू शकतो हे दाखवणारे असे काम महाराष्ट्रातच झाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या पुण्यातल्या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला: १,१०७ गावे, ३,३०२ गायिका. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा संग्रह टप्प्याटप्प्याने उलगडत गेला. तिथे ओवी कोणी गायिली, ती बाई कुठल्या गावची, जात कोणती, मुले किती, पोट कशावर, हे ओवीसोबत दिलेले असते. कार्यकर्ते अनेक गावांत पुन्हा गेले, त्या बायांना किंवा त्यांच्या मुलीसुनांना भेटले, आधी टिपलेला आवाज त्यांना ऐकवला.

पहाटे जाते ओढत गाणाऱ्या बाईला हक्क, स्वामित्व असले शब्द माहीत नव्हते. ओवी तिने सासूकडून उचललेली, शेजारणीने तिच्याकडून उचललेली. मालक कोणीच नाही. तरीही संग्राहकांनी तिचे नाव लिहिले. ज्ञान सामाईक आहे म्हणून ते देणारे माणूस अनामिक ठरत नाही, हे या कामाने दाखवून दिले. आणि हे सगळे वाचायला, ऐकायला फुकट आहे. उघडेपणा आणि नोंद एकत्र नांदतात. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात नावे ठेवणे शक्य नाही असे सांगणाऱ्या कंपन्यांपाशी या अभ्यासकांपेक्षा कैकपटीने पैसा आणि यंत्रबळ आहे.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसे, बँकेतले कारकून असे स्वयंसेवक त्यावर लिहीत आले आणि लेखांची संख्या एक लाखाच्या घरात गेली. विकिपीडियाचा परवाना साधा आहे: कोणीही वापरा, विका सुद्धा, पण श्रेय द्या आणि त्यावर जे नवे कराल तेही याच अटीवर खुले ठेवा. चॅटजीपीटीच्या आधीचे जीपीटी-३ हे प्रारूप इंग्रजी विकिपीडियावरही शिकवले होते, हे ओपनएआयने २०२० सालच्या शोधनिबंधात स्वतः नोंदवले आहे. मात्र परवान्यातल्या दोन्ही अटी उत्तरांपर्यंत पोचल्या नाहीत. उलट बोजा वाढला. जानेवारी २०२४ नंतर सव्वा वर्षात फोटो-व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आणि ही वाढ मुख्यतः ते गोळा करून नेणाऱ्या यंत्रांमुळे झाली, असे विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. तो खर्च लोकांनी दिलेल्या देणग्यांतून भागतो.

प्रोग्रामिंगचे प्रश्न सोडवणाऱ्या स्टॅक ओव्हरफ्लोवर तर साठा आटण्याची सुरुवात मोजलीच गेली आहे. २००८ पासून जगभरच्या प्रोग्रामरांनी, त्यात पुण्या-बंगळूरची मुले मोठ्या संख्येने, एकमेकांना फुकट मदत करत हा साठा उभा केला. चॅटजीपीटी आल्यावर सहा महिन्यांत तिथली वर्दळ सुमारे २५ टक्क्यांनी घटली, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. माणसे एकमेकांना विचारायची थांबली, कारण एकमेकांना दिलेल्या उत्तरांवर शिकलेले यंत्र हाताशी आले. त्याच वर्षी मे महिन्यात संकेतस्थळाच्या मालकांनी ओपनएआयशी करार केला. रागाने आपली उत्तरे पुसू पाहणाऱ्या काही जणांची खाती तात्पुरती बंद करण्यात आली. रेडिटने फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलशी केलेला करार वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. लिहिणारे लोक, पैसे मालकाला.

पुस्तकांच्या बाबतीत वेगळे घडले. सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने चोरट्या संग्रहांतून घेतलेल्या पुस्तकांच्या खटल्यात दीड अब्ज डॉलर देऊन तडजोड मान्य केली. सुमारे पाच लाख पुस्तके, पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. हे शक्य झाले, कारण पुस्तकाला लेखक असतो, प्रकाशक असतो, नोंदणी असते, वकील करायची ऐपत असते. हळदीच्या व्हिडिओखाली कोणी लिहिलेल्या दहा ओळींना यांतले काही नाही. म्हणून सगळ्यांत उदार असणारा माणूसच सगळ्यांत उघडा पडला.

भारतातही कायद्याची चाके हलू लागली आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयवर दावा लावला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या समितीने मांडलेला प्रस्ताव असा: कंपन्यांना मजकूर वापरायची सक्तीची परवानगी द्यावी, मोबदला मात्र भरून घ्यावा आणि तो एका मध्यवर्ती संस्थेमार्फत हक्कदारांना वाटावा. दिशा बरोबर आहे. पण वाटप हक्कदारांच्या यादीवर होणार असेल, तर यादीबाहेरच्या सामाईक ज्ञानाचे काय? विकिपीडियावर लिहिणारा शिक्षक, जात्यावर गाणारी बाई, कंदकुजीवर स्वतःचा अनुभव सांगणारा शेतकरी यांचा वाटा कुठल्या खात्यात जमा होईल?

याचे उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. २००२ चा जैवविविधता कायदा हेच तत्त्व मांडतो. गावच्या वनस्पतींचा आणि त्यांविषयीच्या ज्ञानाचा व्यापारी वापर करणाऱ्याने लाभाचा वाटा समाजाला द्यावा. त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी, ही कल्पना माधव गाडगीळ यांनी आयुष्यभर आग्रहाने मांडली. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात देशी कंपन्यांनाही हा वाटा चुकत नाही असा निकाल दिला. अंमलबजावणी लंगडी आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूटही दिली. म्हणजे लिहून ठेवलेल्या ज्ञानावरचा समाजाचा हक्क इथेही आधी सुटला. तरीही व्यक्तीची मालकी नसलेल्या ज्ञानावर समूहाचा हक्क असतो, हे तत्त्व भारताच्या कायद्यात आहे. ते यंत्रांच्या शिकवणीला लावायचे धैर्य हवे.

यावर एक आक्षेप मराठीप्रेमीच घेतील. मराठीचा मजकूर आधीच तोकडा. अटी घातल्या तर यंत्रे मराठी शिकणार नाहीत आणि आपण मागे पडू. भीती खरी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८.३ कोटी लोकांची ही भाषा यंत्राला उत्तम आली पाहिजे, उमरीच्या शेतकऱ्याला तेलंगणाच्या सीमेवरच्या त्याच्या बोलीत उत्तर मिळाले पाहिजे. नेमके म्हणूनच साठा जिवंत राहणे मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त गरजेचे आहे. लिहिणाऱ्यांचा उत्साह संपला तर इंग्रजीचे तळे आटायला वेळ लागेल, मराठीचे झटकन आटेल. आमच्याकडे बियाण्याला नेलेले धान्य सुगीत सवाईने परत करायची रीत होती. नेणाऱ्याला कोणी अडवत नसे, पण परत न करणाऱ्याला पुढच्या पेरणीला कोणी दारात उभे करत नसे. कंपन्यांशी व्यवहार याच रीतीने झाला पाहिजे.

महाराष्ट्र शासनाच्या हाती यासाठी मोठी ठेव आहे. मराठी विश्वकोश, कृषी विद्यापीठांच्या दशकानुदशकांच्या शिफारशी, शासकीय कोश, गॅझेटियर. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या महाॲग्री-एआय धोरणासाठी ५०० कोटींची तरतूद आहे, आणि शेतकऱ्यांचा डेटा त्याच्या केंद्रस्थानी आहे. ही ठेव खासगी कंपनीला देताना तीन अटी करारात हव्यात. कोणता मराठी मजकूर वापरला ते जाहीर करावे आणि उत्तरात मूळ स्रोत दाखवावा. मराठीसाठी तयार झालेली साधने, निदान त्यांची एक आवृत्ती, विद्यापीठांना आणि इथल्या लहान उद्योगांना खुली द्यावी. आणि मिळकतीचा ठरावीक हिस्सा मराठी विकिपीडिया, ओव्यांसारखे संग्रह, शेतकऱ्यांचे गट यांना चालवायला एका सार्वजनिक निधीत भरावा. माणसागणिक रुपया मोजणे जमणार नाही, हे मान्य. साठ्यागणिक मोजता येते.

लिहिणाऱ्यांनी मात्र लिहिणे थांबवू नये. आपल्या नावाने, गावाच्या उल्लेखासह, श्रेय आणि खुलेपणाची अट स्पष्ट लिहून प्रसिद्ध करावे. उद्या हिशोब मागायची वेळ येईल तेव्हा हळदीच्या खटल्यात कामी आली तशी तारीख आणि नाव असलेली पानेच कामी येतील. गावातल्या ग्रंथालयाने, महाविद्यालयाने, ग्रामपंचायतीने अशा नोंदी जमवायला हव्यात. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे काम चार जिल्ह्यांसाठी हाती घेऊ शकते.

ज्ञान वाटल्याने कमी होत नाही हे खरे. पण वाटणारे कमी झाले तर ज्ञान निश्चित कमी होते. ज्यांना आज अख्ख्या जगाचे लिखाण फुकट मिळाले आहे, त्यांनी देणाऱ्याचे नाव सांगावे, घेतल्याचा हिशोब द्यावा आणि घेतले त्याहून थोडे जास्त परत करावे. स्वतःहून केले तर उत्तम. नाही केले तर कायद्याने करून घेणे हे लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य सरकारला आठवून देणे हे तुमचे-आमचे काम आहे.